सोपटाच्या मापाचे मोजे

मित्रांनो, मी एक जुनी क्रोशाची सुई आहे. उंची वीतभरही नाही. अंग पोलादाचं, डोकं चिमणीच्या चोचीसारखं वळलेलं, आणि पोटाशी अंगठा टेकायला एक चपटी जागा. त्या जागेवर पूर्वी माझा नंबर कोरलेला होता. हुस्नबानोच्या अंगठ्यानं तो घासून घासून पुसून टाकला. मला त्याचं काडीचंही दुःख नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला ठाऊक नाही. तार कापली, ठोकली, घासली, तोंड वळवलं, चकचकीत केलं आणि डझनाच्या पुडक्यात बांधलं, एवढं आठवतं. मग धुळ्याच्या बाजारात एका कटलरीच्या दुकानात मी रिबिनी, कंगवे आणि बटणांच्या शेजारी पडून राहिले. तिथून हुस्नबानोच्या आईनं मला उचललं. लेक तेव्हा अकरा वर्षांची. आईनं मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "जीभ कमी चालव, ही जास्त चालव." हुस्नबानोनं आईचं अर्धंच ऐकलं. मी चालले, आणि जीभही चालली.

काय हात होता तो, मित्रांनो! दोरा ना कधी ओढला, ना कधी सैल सोडला. शेजारणीशी गप्पा चालू, चुलीवरच्या डाळीकडे डोळा, आणि बोटं मात्र आपली साखळी, खांब, मुका खांब अशी टाके टाकत निघालेली. पांढऱ्या जाळीच्या टोप्या तर मी इतक्या विणल्या, की ईदच्या सकाळी नमाजाला निघालेल्या माणसांच्या डोक्यांकडे बघून मी मनातल्या मनात म्हणायचे, ही माझी, तीही माझी, ती कोपऱ्यातली मात्र कुणा अडाण्याची. रुमाल विणले, तोरणं विणली, टीव्हीवर घालायची झालरीची कव्हरं विणली. कधी मागे चूक राहिलेली दिसली, की हुस्नबानो सरळ दोरा ओढून दहा दहा ओळी उसवायची. शेजारीण हळहळायची, "जाऊ द्या ना बानोआपा, कुणाला दिसतंय?" तर ही म्हणायची, "मला दिसतंय ना!" या एका वाक्यासाठी मी तिला आयुष्यभर मानत आले.

पुढे दिवस फिरले. टीव्ही भिंतीला चिकटला, त्याला कव्हर कुठे घालणार? टोप्या यंत्रावरच्या येऊ लागल्या. हुस्नबानोच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं, आणि मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाऊन पडले. बाहेर काढत ते कशाला? तर पायजम्यात नाडी घालायला! एकदा तर घरातल्या कुणीतरी गॅसच्या बर्नरची भोकं साफ करायला माझं तोंड खुपसलं. तौबा, तौबा! जिनं टोप्या विणल्या तिनं काजळी कोरायची. त्या दिवशी मी फार रडले असते, पण पोलादाला रडताही येत नाही.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत मात्र डबा उघडला तो नाडीसाठी नव्हे.

हुस्नबानोचा मुलगा नासीर धुळ्यात केळीची वखार चालवतो. माल आणायला तो रावेरकडच्या गावी जातो, जीवरामभाऊंच्या बागेत. वीस वर्षांचा घरोबा. त्या दिवशी तो तिथून परत आला. जेवताना अम्मीला म्हणाला, "जीवरामआबांची नात आहे ना, भूमिका. पाचवीतली. तिचा उजवा पाय जन्मतः आत वळलेला होता. प्लास्टर झाली, ऑपरेशन झालं, पाय सरळ झाला. चालते, पळते, सगळं करते. पण तो पाय लहानच राहिला. टाच बारीक, पिंढरी बारीक."

"मग? चालते म्हणतोस ना?"

"चालते गं. पण सव्वीस जानेवारीला शाळेत लेझीम आहे, आणि ती बसून आहे."

झालं होतं असं. लेझमीचा ठेका भूमिकाच्या अंगातच होता. अनवाणी खेळली तर सगळ्या मुली तिच्याकडे बघून पावलं टाकायच्या. पण कार्यक्रमाला पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पांढरे मोजे हवेत. बुटांचं आबांनी जमवलं होतं. ते दोन मापांचे दोन जोड घ्यायचे आणि उरलेले दोन बूट खुंटीला टांगून ठेवायचे. मोज्यांचं काही केल्या जमेना. दुकानातला मोजा तिच्या उजव्या पिंढरीवर थांबतच नव्हता. घसरायचा, बुटात जाऊन गोळा व्हायचा, आणि ऑपरेशनच्या जागेवरची नाजूक कातडी सोलून काढायचा. पंधरा ऑगस्टला मोजा रक्तानं लाल झालेला बघून लेझीम बसवणाऱ्या ज्योत्स्ना मॅडम घाबरल्या. त्या काही दुष्ट नव्हेत. त्यांनी आता सांगितलं, "पंचवीस तारखेला बूट-मोजे घालून तासभर पूर्ण खेळून दाखव. फोड आला नाही तर रांगेत, आला तर तू बसून ढोल वाजवायचा."

"आणि पोरगी म्हणते," नासीर म्हणाला, "मला ढोल नको, मला लेझीम हवी."

हुस्नबानो ताटावरून उठली. हात धुतले, पुसले, आणि डबा उघडून मला बाहेर काढलं. पदरानं माझ्या तोंडावरची काजळी पुसली. म्हणाली, "दुकानातले मोजे दोन्ही पायांना सारखे असतात. अल्लानं दोन पाय सारखे कुणाला दिलेत? नासीर, जीवरामभाऊंना माप पाठवायला सांग. दोन्ही पायांचं."

माप आलं केळीच्या गाडीतून. आणि आलं कशावर? सोपटावर! केळीच्या खोडाची साल सोलली, की लांबच लांब पट्टी निघते, तिला सोपट म्हणतात. जीवरामभाऊंच्या गावात दोरी म्हणून तेच, सुतळी म्हणून तेच. त्यांनी ते पोरीच्या पावलाला गुंडाळलं आणि जागोजाग गाठी मारल्या. अंगठ्यापासून टाचेपर्यंत एक, पंज्याचा घेर एक, घोट्याचा एक, पिंढरीचा एक. उजव्या पायाच्या सोपटाला लाल दोरा बांधला, डाव्याच्या नाही. सोबत निरोप: "अक्का, टेप-बिप आम्ही वापरत नही. बठ्ठी, पार सगळी बाग मी ह्याच्यावर मापली. माप एकदम बराबर हाये."

हुस्नबानोला ही हुशारी फार आवडली. खरं सांगायचं तर मलाही आवडली.

आता मोज्यांची गंमत ऐका. लोकर मायाळू असते, थोडं चुकलं तर ताणून घेते, सांभाळून घेते. पण लोकर तिच्या नाजूक कातडीला टोचली असती, म्हणून हुस्नबानोनं पांढरं मऊ सूत घेतलं. सूत ताणत नाही. जेवढं विणाल तेवढंच राहतं. म्हणून सुताच्या मोज्याला माप चुकून चालत नाही. आम्ही बोटांच्या टोकापासून सुरुवात केली. आधी छोटीशी साखळी, मग तिच्या दोन्ही बाजूंनी मुके खांब, दर फेरीला चार टाके वाढवत. कुठे शिवण नाही, कुठे गाठ नाही. पंजा भरला की वाढवणं बंद, सरळ फेऱ्या. टाचेपाशी आलं की अर्धे टाके तसेच सोडायचे आणि उरलेल्यांवर मागे-पुढे जात टाचेची वाटी करायची. ही वाटी जमली तर मोजा जागेवर बसतो, नाहीतर घसरतो. शेवटी वर उभ्या पट्ट्यांची पकड, लवचीक, पण करकचून न आवळणारी. दर दोन फेऱ्यांनी हुस्नबानो सोपट लावून बघायची. गाठीला टाका बरोबर जुळायचा. चष्मा सारखा घसरत होता, मान दुखत होती, पण सहा दिवसांत जोडी झाली. एक लहान, एक मोठा, आणि दोन्ही असे देखणे, की नासीर म्हणाला, "अम्मी, हे पायात घालायचे की कपाटात ठेवायचे?"

मी तर फुगूनच गेले. बर्नरचं सगळं विसरले.

मोजे केळीच्या गाडीतून गेले, आणि तिसऱ्या दिवशी जीवरामभाऊंचा फोन आला. हुस्नबानोनं मोठ्या आवाजावर लावला. पलीकडे जीवरामभाऊ खाकरले.

"अक्का, मोजे लई भारी हायेत हो. बठ्ठ्या गल्लीनं बघितले."

"ते राहू द्या भाऊ. बसले का?"

"नही. जातच नही पायात. टाच वर येत नही. पोरीनं लई जोर लावला, दोन्ही पायांले लावला, नही गेले."

"रडली का?"

"नही. रडली नही. घडी घालून ठेवले. अन मले म्हणे, आबा, त्या आजीचं काही चुकलं नही. माझे पायच खराब हायेत."

मित्रांनो, मी पोलादाची आहे, पण हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी मला मधोमध वाकवलं. आमच्या हातून एका पोरीला असं वाटावं? हुस्नबानोनं मला हातात घेतलं. आधी स्वतःच्या डोळ्यांना बोलली, मग मला बोलली. "म्हातारी झालीस तू पण!" म्हणून मला चटईवर टाकलं.  मला खरंच वाटलं, की माझंच काहीतरी चुकलं असणार.

नासीर दुसऱ्या दिवशी मोजे परत घेऊन आला. हुस्नबानोनं जपून ठेवलेलं सोपट काढलं आणि मोज्याला लावलं. तंतोतंत! गाठ तिथे टाका. मग चुकलं कुठे? ती सोपट हातात घेऊन बसली. बोटांनी चाचपलं. ते कडकडीत वाळलेलं होतं, कडा आत वळल्या होत्या. तिनं जीवरामभाऊंना फोन लावला.

"भाऊ, माप घेतलं तेव्हा सोपट ओलं होतं का?"

"मंग! ताजंच. खोडावरून सोललं अन लगेच मापलं."

"ताजं सोपट वाळल्यावर काय होतं, भाऊ?"

 मग जीवरामभाऊंचा आवाज आला तो अगदी बारीक. "आखडतं. हे राम... आखडतं, अक्का. घडाले आधार बांधतो तेव्हा मी गडीमाणसाले रोज ओरडतो, अरे ढिलं बांध, वाळलं की आवळतं. चाळीस वर्षं ओरडून राहिलो. अन नातीच्या पायाचं माप घेताना माझीच अक्कल चरायले गेली!"

हुस्नबानोला हसू आलं, रडूही आलं. पावलाचं माप ते, अर्धं बोट कमी झालं तरी संपलं. आणि बिचारी पोरगी पायांना दोष देत बसलेली. तिनं मला चटईवरून उचललं, डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "माफ कर गं बाई. तू बरोबर होतीस." त्या एका वाक्यानं मी पुन्हा सरळ झाले.

बावीस तारीख उजाडली होती. तिनं मोज्याचं टोक शोधून दोरा ओढला. सहा दिवसांचं काम सर्रकन उसवून गुंडाळी झालं. नासीर ओरडला, "अम्मी! निदान फेऱ्या मोजून तरी ठेवायच्या!"

"कशाला? आता माप दुरून नाही घ्यायचं. गाडी काढ. मी येते."

पासष्ट वर्षांची बाई, गुडघे कुरकुरणारे, धुळ्याहून रावेरकडे निघाली केळीच्या रिकाम्या गाडीत पुढच्या सीटवर बसून. मी तिच्या पिशवीत, सुताच्या गुंड्यात खोचलेली. वाटभर ती मला चाचपून बघत होती.

जीवरामभाऊंच्या ओट्यावर आम्ही बसलो. भूमिका आली ती फ्रॉकखाली उजवा पाय डाव्याच्या मागे लपवून. हुस्नबानोनं मांडीवर हात थापटला. "ये, पाय ठेव इथे."

पोरगी जागची हलेना. "आजी, तुम्हाला पाय कसा लावू? पाप लागतं."

"आणि मी मोजा काय तुझ्या डोक्यावर विणू?"

पोरगी फस्सकन हसली. तरी आधी वाकून हुस्नबानोच्या पाया पडली, आणि मगच हळूच उजवा पाय तिच्या मांडीवर ठेवला. हुस्नबानोनं तो दोन्ही हातांत धरला. बारीक टाच, उंच चवडा, ऑपरेशनची गुळगुळीत खूण. ती त्याच्याकडे जसं बघत होती ना, तसं मी तिला फक्त नवीन नमुन्याकडे बघताना पाहिलं होतं. म्हणाली, "खराब कोण म्हणतं? इतका नाजूक पाय आहे, की दुकानदाराला झेपला नाही, एवढंच."

मग माप घेतलं. बसून घेतलं, उभं करून घेतलं. उभं राहिल्यावर पाऊल पसरतं, हे तिनं जीवरामभाऊंनाही दाखवलं. ते मान खाली घालून "हो अक्का, हो अक्का" करत होते. दोन दिवस आम्ही त्या ओट्यावरच होतो. सकाळी ऊन आलं की विणायला बसायचं, दिवस मावळला की उठायचं. दर चार फेऱ्यांनी पोरीचा पाय मांडीवर, मोजा चढवून बघायचा, बोटं हलवायला लावायची. "इथे ओढतं का? इथे? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून सांगू नको." उजव्याची टाचेची वाटी तीनदा उसवली. मध्येच सुनंदाबाई, जीवरामभाऊंच्या घरच्या, भरीत आणि कळण्याची भाकरी वाढायच्या आणि म्हणायच्या, "अक्का, जेवा तरी निवांत!" तेव्हा ही डाव्या हातानं खायला बघायची. उजव्या हातात मी होते ना.

पंचवीसला सकाळी आम्ही शाळेच्या मैदानावर. नवे मोजे, दोन मापांचे दोन बूट, हातात लेझीम. ज्योत्स्ना मॅडमनी शिट्टी वाजवली. हुस्नबानोनं मला मुठीत धरलं होतं, इतकं घट्ट, की माझं टोक तिच्या तळव्यात रुतत होतं, पण तिला पत्ताच नव्हता. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. पोरी बसून उठत होत्या, गिरकी घेत होत्या, धूळ उडत होती. जीवरामभाऊ सारखे पोरीच्या पिंढरीकडे बघत होते. मोजा घसरला का? नाही घसरला. पाऊण तासाला भूमिकाचा चेहरा आक्रसला. पण तिला नुसतं ऊन लागलं होतं. तिनं बाहीनं घाम पुसला आणि पुन्हा ठेका धरला.

तास झाला. मॅडम जवळ आल्या. "बूट काढ. मोजा काढ."

भूमिका जमिनीवर बसली. बूट काढला. मोजा हळूहळू गुंडाळत उतरवला. आम्ही सगळे वाकलो. पायावर माझ्या टाक्यांचे ठसे उमटले होते, ओळीनं, बारीक बारीक, तांदळाच्या दाण्यांसारखे. बाकी काही नाही. फोड नाही, लाली नाही, ऑपरेशनच्या खुणेवर साधा ओरखडाही नाही. मॅडमनी तळव्यावरून बोट फिरवलं, टाच दाबून बघितली, आणि म्हणाल्या, "उद्या पहिल्या रांगेत. मधोमध."

जीवरामभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली. भूमिका मात्र आपल्या पायाकडे बघत होती.  मग म्हणाली, "आबा, माझा पाय खराब नव्हता."

"नही माय," टोपीआडून आवाज आला. "माझं सोपट खराब होतं."

सव्वीसला ती पहिल्या रांगेत खेळली. ते मी सांगत बसत नाही, तुम्ही लेझीम पाहिली असेलच. मला सांगायचंय ते निघतानाचं. गाडी सुरू झाली होती. हुस्नबानोनं पिशवीतून मला काढलं आणि भूमिकाच्या हातावर ठेवलं. "पाय वाढणार तुझे, बेटा. एक जास्त, एक कमी. दर वर्षी नवे मोजे लागतील. माझ्या डोळ्यांचा काय भरवसा? तू शीक. तुझा पाय तुझ्याइतका कुणाला ठाऊक?"

चोपन्न वर्षांचा संसार, मित्रांनो, आणि मला एका शब्दानं विचारलं नाही! मला फार लागलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तोवर मी त्या अनोळखी घामेजल्या मुठीत रुसून बसले होते.

आता वर्ष झालं. पोरीच्या हातात मी अजून अडखळते. ती दोरा कधी करकचून ओढते, कधी सोडूनच देते. पण फोनवर हुस्नबानो समोर असते. "दाखव. आणखी जवळ धर. हं, हा टाका बघ, हा सुटलाय. उसव." भूमिका कुरकुरते, "आजी, कुणाला दिसतंय?" मग दोघी एकदम हसतात. ह्या जानेवारीत तिनं स्वतःच्या उजव्या पायाचा मोजा स्वतः विणला. टाचेची वाटी थोडी वाकडी आहे, पण बसतो. हुस्नबानोनं तो फोनवर बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला, आणि पहिल्यांदाच "उसव" म्हणाली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखाद्या डब्यात माझी एखादी बहीण पडली असेल. तिला बाहेर काढा, पुसा, आणि कुणाच्या हातात ती चालायची ते विचारा. मग त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा आणि म्हणा, मला शिकवा. सुई काय, पोलादाची असते, शंभर वर्षं वाट बघेल. हात तेवढे थांबत नाहीत. आजच जा.